सोलमधली संकष्टी

"पडला का गं?"

अण्णांनी डोळे उघडायच्या आधी विचारलं. मी सरकतं दार चार बोटं उघडून बाहेर डोकावले. गारठा नाकातून थेट मेंदूत गेला. सोलमधल्या त्या जुन्या गल्लीतल्या कौलांवर कोवळं ऊन पसरलं होतं आणि आभाळ नुकतंच धुऊन वाळत घातल्यासारखं निळं होतं.

"नाही, अण्णा."

"ढग?"

"औषधालासुद्धा नाही."

"बरं बरं. दिवस अजून लांब आहे," असं म्हणून ते उठून बसले. गेस्ट हाउसच्या त्या खोलीत खाटा नव्हत्या, जमिनीवर गाद्या होत्या. जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या असल्यामुळे ती रात्रभर उबदार राहायची. पहिल्या दिवशी आईने जमिनीला हात लावून बघितला होता आणि म्हणाली होती, "ह्या लोकांनी चूलच अंथरलीय की खाली!" तेव्हापासून ती खुर्चीवर बसायचं नावच काढत नव्हती.

आत्ताही ती कोपऱ्यात मांडी घालून बसली होती. अंघोळ, वेणीफणी, कुंकू सगळं झालेलं. दोन थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर साडी आणि डोक्याला माझी लाल मंकी टोपी. आमच्याकडे बघून तिने जाहीर केलं, "माझं काही खायला बघू नका. आज संकष्टी आहे."

आईची संकष्टी लग्नापासूनची. दिवसभर उपास, रात्री चंद्र बघायचा, गणपतीला नैवेद्य दाखवायचा, मग जेवायचं. बाळंतपणाचे महिने सोडले तर तिने एकही चुकवली नव्हती. त्यासाठी तिने मिरजेहून तळलेल्या मोदकांचा डबा आणला होता, हे मला त्या क्षणी कळलं. विमानतळावर बॅग एवढी जड का, याचंही उत्तर मिळालं.

अण्णा मात्र कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हणजे आज मी ढग मागायचे आणि तू चंद्र मागायचा. त्या गणपतीनं ऐकायचं कुणाचं?"

"तो बघून घेईल," आई म्हणाली.

बोलण्यात थट्टा होती, पण अडचण खरी होती. सहलीचा तो शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी दुपारी परतीचं विमान. आणि आम्ही त्या शहरात आलो होतो ते फक्त अण्णांना बर्फ पडताना बघता यावा म्हणून.

अण्णा मिरजेच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीज बंद पडेपर्यंत त्यांनी तिथे सिनेमे दाखवले. हिरो-हिरॉइन बर्फात लोळताना त्यांनी हजारदा बघितली असतील, स्वतः कधी बर्फ बघितला नव्हता. "तो खरा बर्फ होता की मीठ, देव जाणे," असं म्हणायचे. मग काचबिंदू झाला आणि तो कळेपर्यंत बराच उशीर झाला. नजर कडेकडेने झाकत आली होती. समोरचं नीट दिसायचं, आजूबाजूचं सगळं गेलेलं, आणि अंधार पडला की काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, "काका, जे बघायचं असेल ते आता बघून घ्या." तिथून बाहेर पडल्यावर रिक्षात बसता बसता अण्णांनी मला विचारलं होतं, "वृषा, बर्फ बघायला कुठं जावं लागतं गं?"

मी तेव्हा पुण्यात एका कोरियन कंपनीत होते. मनालीचे चढ आईच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. आमचे साहेब म्हणाले, सोलला जा, सपाट रस्ते आहेत, पावलोपावली मेट्रो आहे, आणि जानेवारीत बर्फ पडला नाही असं होतच नाही. मी रजा टाकली, तिकिटं काढली. आणि साहेबांच्या सोलमध्ये तीन दिवस लख्ख ऊन!

"आपल्याकडं आज चंद्रोदय नऊला आहे," आई म्हणाली. कॅलेंडर बघूनच ती घरातून निघाली होती.

"म्हणजे इथं साडेबारा," अण्णांनी लगेच हिशोब केला. "साडेतीन तास पुढं आहेत ना हे लोक."

"अण्णा, चंद्र काय आपलं घड्याळ बघून उगवतो? इथला इथं उगवेल. साडेआठ-नऊला."

"असं कसं? तेव्हा मिरजेत ऊन असणार. मिरजेत ऊन आणि इथं चंद्र? चंद्र एकच आहे ना?"

"सूर्यसुद्धा एकच आहे. तो नाही का इथं आधी उगवला?"

अण्णांनी खिडकीतल्या उन्हाकडे बघितलं. "सूर्याचं वेगळं असतंय," ते म्हणाले आणि मोजे शोधायला लागले.

त्या दिवशी आम्ही राजवाडा बघायला गेलो. उणे सहा तापमान, तोंडातून वाफा, आणि पुढ्यात एवढं मोठं पटांगण की आमची अख्खी गल्ली त्यात हरवली असती. पहारेकरी लाल-निळे झगे घालून, ढोल वाजवत पहारा बदलत होते. अण्णांना एका नजरेत एकच माणूस मावायचा. म्हणून ते मान इकडून तिकडे फिरवत एकेकाला बघत होते आणि मला सांगत होते, "ह्याची दाढी खोटी आहे. त्याची पण. तो ढोलवाला मात्र बेस बडवतोय!"

"अण्णा, त्रास होतोय का बघायला?"

"कसला त्रास? जन्मभर केबिनच्या चौकोनी भोकातनंच दुनिया बघितलीय मी. सवय आहे मला."

तिकडे आईभोवती गर्दी जमली होती. पारंपरिक घेरदार झगे घालून आलेल्या पाच-सहा कोरियन मुली तिची साडी बघून वेड्या झाल्या होत्या. एकजण निऱ्या मोजत होती. आई त्यांना मराठीत बजावत होती, "ओढू नका हं, ओढू नका, सुटंल!" मग सगळ्यांचे फोटो. मुली चिवचिवाट करत गेल्या, आणि आईने हसू आवरून पुन्हा आभाळाकडे बघितलं. सकाळपासून तिचं तेच चाललं होतं. दोन पावलं चालायची, वर बघायची, ओठ पुटपुटायचे.

मला राग यायला लागला होता. आज शेवटचा दिवस. अण्णांना ढग हवेत. आणि ही बाई आभाळ मोकळं राहावं म्हणून देवाला साकडं घालतेय! एका दिवसाकरता ते उपासाचं खूळ बाजूला ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी न राहवून म्हणालेच, "आई, तुझा चंद्र रात्री येईल. आत्तापासून काय बघतेस?"

"तू तुझं बघ की," ती म्हणाली.

दुपारी जुन्या बाजाराच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्याने लोखंडी पिंपाची भट्टी लावली होती. तिच्यातून असा खरपूस वास आला की आई जागच्या जागी थबकली.

"वृषा, रताळी!"

खरंच रताळी. धगीवर भाजलेली, साल काळी पडलेली, आत पिवळाधमक मऊ गर. उपासाला चालणारा पदार्थ मिरजेपासून इतक्या लांब रस्त्यावर मिळतो याचा आईला एवढा आनंद झाला की तिने त्या म्हाताऱ्याला हात जोडून नमस्कार केला. त्याने कमरेत वाकून परत नमस्कार केला. म्हणून आईने पुन्हा केला, त्याने पुन्हा केला. अण्णा म्हणाले, "थांबव कुणीतरी ह्यांना, रताळी गार व्हायला लागली."

आम्ही फूटपाथवर उभं राहून बोटं भाजून घेत खात असताना अण्णा एकदम म्हणाले, "वृषा, उजेड कमी झालाय का? का माझं काय झालं?"

मी वर बघितलं. पश्चिमेकडून करडा पट्टा वर चढत होता. पट्टा कसला, सगळी गोधडीच.

"अण्णा, ढग!"

"खरं सांगतीस?"

"खरंच ढग! पुष्कळ ढग!"

अण्णांनी रताळ्यासकट दोन्ही हात वर केले. येणारे-जाणारे बघायला लागले. आईने मात्र नुसतं एकदा पश्चिमेला बघितलं, डोळे मिटले, आणि उरलेलं रताळं कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलं. बिचारीचा चंद्र गेला, असं मला वाटलं. मगाशी चिडले होते, आता वाईट वाटायला लागलं. माणसाने कुठल्या बाजूने व्हावं तेच मला कळेना.

आता घाई होती. अंधार पडला की अण्णांना दिसणार नव्हतं. बर्फ रात्री पडला तर झगझगीत उजेड असेल तिथेच उभं राहायला हवं. मी चौकशी करून ठेवली होती. शहराच्या मधोमध बर्फावर घसरत खेळायचं मैदान होतं, त्याला क्रिकेटच्या मॅचला असतात तसले दिवे होते. आम्ही पळत मेट्रो पकडली. आईचे गुडघे, अण्णांची नजर, दोन्ही हातांनी दोघांना धरून मी जिने उतरत होते, चढत होते, आणि सगळ्यांना धाप लागलेली असूनही हसू येत होतं.

मैदानावर पोरं लाल नाकांनी गरागरा फिरत होती. दिव्यांखाली दिवसासारखा उजेड. आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. साडेपाच, सहा, सात. ढग पश्चिमेलाच अडून बसले होते. पूर्वेकडे अजून चांदण्या दिसत होत्या. अण्णा दिव्याच्या झोताकडे टक लावून बघत होते. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तरी पापणी लवत नव्हती.

शेवटी त्यांनी रुमालाने डोळे पुसले. "आज काय हा पडत नाही. चल वृषा, त्या टेकडीवरच्या टॉवरला जाऊ. तिथनं पूर्व दिसते म्हणालीस ना? हिला तरी चंद्र मिळू दे. सकाळपासनं पोटात रताळ्याशिवाय काही नाही तिच्या."

"नको," आई म्हणाली. "इथंच थांबू की."

"इथं काय दिसणार तुला? सगळ्या बाजूनं इमारती."

"माझे पाय दुखतात."

"आई, दोरीवरच्या पाळण्यानं जायचंय. चालायचं नाहीये," मी म्हणाले. अण्णांनी स्वतःचा बर्फ सोडून हिच्यासाठी टेकडी चढायचं कबूल केलं आणि ही हट्टाला पेटली, हे काही मला पटेना. मी तिला जवळजवळ ओढतच नेलं.

पाळणा वर सरकायला लागला आणि पायाखाली सोल उलगडत गेलं. दिव्यांचे रस्ते, मधून नदीचा काळा पट्टा, त्यावर पुलांच्या माळा. मी अण्णांना सांगत होते आणि ते काचेला नाक लावून "हां, हां, एक दिवा दिसला, दोन दिसले," म्हणत होते. आई आमच्याकडे पाठ करून बसली होती.

वरच्या गच्चीवर वारा असा होता की बोलणं तोंडातच गोठावं. मी पूर्वेच्या कठड्यापाशी गेले. आणि दोन उंच इमारतींच्या फटीतून, तांबूस, थोडा चेपलेला, भाकरीएवढा चंद्र वर येत होता.

"आई! आई, चंद्र! लवकर ये! तो बघ!"

आई आली नाही. मी मागे वळले. ती जिथे होती तिथेच उभी होती, डोळे घट्ट मिटून. वर तिने पदर ओढून चेहरा झाकला, आणि पदर उडायला लागला तशी त्यावरून मफलर गुंडाळली.

अण्णांना मी सांगितलं तेव्हा ते हसायला लागले. "अगं, ही काय भाद्रपदातली चतुर्थी आहे का, चोरीचा आळ यायला? बघ की! आज बघायचा असतो!"

"मला नाही बघायचा," मफलरीतून आवाज आला.

"उगवलाय तो. आता उपास सोड."

"मी कुठं बघितलाय? मी बघितला नाही, म्हणजे माझ्यापुरता उगवला नाही."

"आई, काय चाललंय तुझं?" मी वैतागून ओरडलेच. "सकाळपासून मान दुखेपर्यंत वर बघत होतीस ना?"

"ढग बघत होते मी," आई म्हणाली.

अण्णांचं हसू थांबलं.

"मी सकाळीच सांगितलंय त्याला. ह्यांना बर्फ दाखव, मगच मी उपास सोडणार. आणि चंद्र बघितला की उपास संपला. मग त्याला कसली घाई राहील?" तिचा आवाज थंडीने कापत होता, पण भांडणातला मुद्दा सांगावा तसा ठाम होता. "म्हणून म्हणत होते, नको वर. चंद्र काय, दर महिन्याला येतोय. आपल्या गच्चीवर येतोय. ह्यांना मिरजेत बर्फ कोण दाखवणार?"

मी चंद्राकडे बघितलं, तर तो फटीतून सुटून चांगला वर आला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा राग आला.

अण्णांनी हात पुढे करून चाचपत आईचा खांदा शोधला. "लई शहाणी आहेस," ते म्हणाले. "चल खाली. मी पण जेवत नाही."

"तुमच्या गोळ्या आहेत. तुम्ही जेवायचं. नाहीतर मी बोलायची नाही."

आम्ही परत निघालो. एकाला दिसत नव्हतं, दुसरी बघत नव्हती. डाव्या हाताला अण्णा, उजव्या हाताला मफलर गुंडाळलेली आई, अशी मी त्या टेकडीवरून वरात घेऊन निघाले. पायरी आली की मी ओरडायची, "पायरी!" आणि दोघं एकदम पाय उचलायचे. पाळण्यातल्या एका जोडप्याने अदबीने उठून आम्हाला जागा दिली. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. मला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं की कुठलं आधी आवरावं तेच समजेना.

सकाळी मी दार उघडलं. आभाळ राखेच्या रंगाचं, अगदी कौलांवर टेकलेलं. पण जमीन कोरडी. आईने मागितला फक्त कोमट पाण्याचा पेला. डोळे खोल गेले होते. अण्णा दिवसाउजेडी तिच्याकडे बघायचे, तोंड फिरवायचे, परत बघायचे. बॅगा भरल्या. मोदकांचा डबा तिने हातातल्या पिशवीत घेतला.

विमानतळाची बस गल्लीच्या तोंडाशी थांबायची. आम्ही बॅगांची चाकं खडखडवत तिथे पोचलो. मी मनात ठरवून टाकलं होतं, विमानात चढायच्या आधी हिला खाऊ घालायचं, मग ती माझ्याशी जन्मभर बोलली नाही तरी चालेल. बस लांबून वळताना दिसली.

"ह्या डोळ्यात काय गेलं गं?" अण्णा डोळा चोळत म्हणाले. "गार गार लागलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या पापणीवर पाण्याचा थेंब होता. मग त्यांच्या कोटाच्या बाहीवर पांढरा ठिपका बसला. मग दुसरा. मग मी मान वर केली आणि ओरडले, नुसतीच ओरडले, शब्द नव्हताच कुठला.

बर्फ पडायला लागला होता! सावकाश, आवाज न करता, एवढा की समोरची दुकानं पुसट व्हायला लागली. अण्णा हात पसरून गोल फिरत होते. "पडतोय गं! खरा आहे, मीठ नाही!" त्यांनी जीभ बाहेर काढून चाखूनसुद्धा बघितला. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. मी हाताने त्याला पुढे जायला सांगितलं. पुढची बस होती. विमान चुकलं असतं तरी त्या क्षणी मी गेले नसते.

आईने बॅगेवर बैठक मारली, डबा उघडला, एक मोदक बाजूला काढून वर बघत नमस्कार केला आणि दुसऱ्याचा कचकन तुकडा मोडला. खाता खाता ती हसत होती. तोंड भरलेलं, डोळे भरलेले.

"अण्णा, तिकडं बघा! कौलांवर बघा, कसं पांढरं झालंय! त्या झाडावर बघा!" मी त्यांचं कोपर धरून दाखवत होते. त्यांना सगळं एकदम दिसणार नव्हतं, एकेक करून बघायला हवं होतं, आणि वेळ थोडा होता. त्यांनी झाडाकडे बघितलं, कौलांकडे बघितलं. मग मान फिरवत फिरवत आईपाशी आणली आणि तिथेच थांबले.

"अण्णा, बर्फ तिकडं आहे."

"बघतोय की," ते म्हणाले. पुढची बस येईपर्यंत त्यांची मान तिथून हलली नाही.

पुढच्या दोन-तीन वर्षांत अण्णांची उरलेली नजरही गेली. त्याला आता बराच काळ झाला. परवा मिरजेला गेले होते तेव्हा माझ्या लेकीने त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही खराखुरा बर्फ बघितलाय ना? कसा असतो?"

अण्णा खुर्चीत सावरून बसले. "बर्फ होय?" ते म्हणाले. "आधी लाल मंकी टोपीवर बसतोय. मग भुवईवर. गालावर एक खळी आहे, तिच्यात जाऊन थांबतोय थोडा. आणि ती हसली की पाणी होतंय त्याचं."

"अहो," आतून आई ओरडली, "पोरीला काहीतरी नीट सांगा!"